अनुभव धागा: मंडळीतल्या (चर्चमधल्या) अविवाहित बायका

पहाटवारा:
काल पेटी आवरताना प्रभुभोजनाचा (येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेतात त्या विधीचा) एक छोटा काचेचा कप सापडला आणि सगळं वर आलं. 11 वर्षं ते कप मी धुतले. द्राक्षरस तळाशी सुकून बसतो, बोट आत जात नाही, मग काडीला कापड गुंडाळून एकेक पुसायचा. कपांचं तबक रांगांमधून फिरवायचं काम मात्र वडीलजनांचं, म्हणजे मंडळीच्या पुढारी पुरुषांचं. एका रविवारी दोघं आले नाहीत, म्हणून विचारलं, मी फिरवू का? पाळक (चर्चचे धर्मगुरू) म्हणाले, "ताई, लग्न झालेलं असतं तर यजमानांबरोबर चाललं असतं." तेव्हा मी 41 वर्षांची होते. घरी येऊन बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा 16वा अध्याय काढला. प्रेषित पौल फिबी नावाच्या बाईला किंख्रियातल्या मंडळीची सेविका म्हणतो. मूळ ग्रीक शब्द दियाकोनोस, पुरुषांना लावतात तोच. तिच्या नवऱ्याचा उल्लेखसुद्धा नाही. तुमचंही लिहा ना.

ओंजळ:
यजमानांबरोबर!! वाचून घशात आवंढा आला. मला पस्तिशीपर्यंत तरुण संघात ठेवलं होतं. दांपत्य संगतीत बसत नाही, मग ठेवणार कुठे? आणि दर प्रार्थनासभेत "हिच्यासाठी योग्य जोडीदार" ही विनंती, मला न विचारता. माझी विनंती आईच्या गुडघ्यांसाठी होती हो.

दीपस्तंभ:
बंधू म्हणून लिहितो, राग नसावा. तीमथ्याला पहिलं पत्र 2:12 कुठे ठेवायचं? स्त्रीने शिकवू नये, पुरुषावर अधिकार चालवू नये, असं पौल तिथे म्हणतो.

पहाटवारा:
राग नाही भाऊ. पण करिंथकरांस पहिलं पत्र 11:5 पण वाचा, तिथे बाया प्रार्थना करतात, संदेश देतात हे पौल धरूनच चाललाय. आणि 7व्या अध्यायात तर अविवाहित राहणं चांगलं म्हणतो. प्रेषितांच्या कृत्यांत फिलिप्पाच्या चार अविवाहित मुली संदेश देणाऱ्या आहेत.

दीपस्तंभ:
11:5 असं कधी पाहिलं नव्हतं. वाचतो.

रानजाई:
माझी मावशी सिस्टर, म्हणजे नन. तिचं वेगळंच, कॅथलिकांत अविवाहित असण्याला मान आहे, कॉन्व्हेंटचा कारभार बायकाच बघतात. पण मिस्साला (कॅथलिकांच्या मुख्य उपासनेला) फादर लागतोच. फादर आजारी पडले की 30 जणी वाट बघत बसायच्या. मावशी तक्रार करायची नाही, मलाच वाईट वाटायचं. बाळ उठलं, नंतर येते

जुनी वही:
लॉटी मून आठवली. 1873 मध्ये बाप्टिस्ट मिशनरी म्हणून चीनला गेली, आयुष्यभर एकटी. मिशनमधल्या स्त्रियांनाही मतदानाचा समान हक्क द्या म्हणून लिहीत राहिली. आज तिच्याच नावाने नाताळात वर्गणी गोळा होते! अँग्लिकनांत (चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेत) पहिली स्त्री याजक, म्हणजे धर्मगुरू, फ्लॉरेन्स ली टिम-ओई, तीही अविवाहित. 1944 मध्ये दीक्षा, दुसऱ्या महायुद्धामुळे पुरुष याजक पोहोचू शकत नव्हते म्हणून. युद्ध संपल्यावर वाद झाला आणि 1946 मध्ये तिने याजकपदाचा परवाना परत केला. मला ते फार लागतं. गरज होती तोवर चालली.

ओंजळ:
गरज होती तोवर. अगदी.

रानजाई:
आले परत. पहाटवारा, डाग कसे काढायचे ते सांग ना, आमचे कप पार जांभळे झालेत

पहाटवारा:
रात्रभर कोमट पाण्यात सोडा घालून ठेव, सकाळी काडी फिरव. बाकी रात्री लिहिते गं, रविवारच्या शास्त्रवाचनाची यादी करायचीये, पाळकांना आठपर्यंत हवी.