पूर्ण फेरी धावूनही सरासरी वेग शून्य कसा?

प्रश्न (एक पालक):
नमस्कार. माझी मुलगी नववीत आहे. एकक कालावधीत कापलेले अंतर म्हणजे चाल आणि एकक कालावधीत झालेले विस्थापन (सुरुवातीच्या जागेपासून शेवटच्या जागेपर्यंतचे सरळ रेषेतील अंतर, दिशेसह) म्हणजे वेग, या व्याख्या तिला पाठ आहेत. तरीही 400 मीटरच्या धावपट्टीवर एक पूर्ण फेरी मारणाऱ्या धावपटूचा सरासरी वेग शून्य येतो, हे तिला पटत नाही आणि मलाही ते नीट समजावता आले नाही. जो माणूस जीव तोडून धावला त्याचा वेग शून्य कसा? शिवाय रस्त्यावरच्या फलकावर 'वेगमर्यादा' असे लिहितात, तिथे दिशा कुठेच नसते. तो शब्द चुकीचा आहे का?

उत्तर (विज्ञानशिक्षक):
ताई, आधी दुसरी शंका घेतो, कारण मराठी माध्यमातील मुलांचा बराचसा गोंधळ तिथूनच सुरू होतो. बोलताना आपण दोन्हींसाठी 'वेग' म्हणतो. 'चाल' म्हटले की हत्तीची, गाण्याची किंवा बुद्धिबळातली चाल आठवते. शास्त्राने मात्र दिशा नसलेल्या अदिश राशीला चाल आणि दिशा असलेल्या सदिश राशीला वेग म्हटले आहे. फलकावरची मर्यादा आणि स्पीडोमीटरचा काटा, दोन्ही शास्त्राच्या भाषेत चाल सांगतात. व्यवहारात 'वेगमर्यादा' खुशाल म्हणावे. उत्तरपत्रिकेत मात्र एक शब्द दुसऱ्याच्या जागी येऊ देऊ नये.

आता धावपटूकडे येऊ. तिने ही फेरी एकसारख्या चालीने 80 सेकंदांत पूर्ण केली असे समजा. चाल झाली सेकंदाला 5 मीटर. धावताना एका क्षणीही तिचा वेग शून्य नव्हता. प्रत्येक क्षणी तो सेकंदाला 5 मीटरच होता, फक्त त्याची दिशा बदलत होती. एका सरळ भागात ती पूर्वेकडे धावली असेल, तर समोरच्या सरळ भागात तितक्याच वेगाने पश्चिमेकडे धावली, आणि दिशेसह बेरीज केली की हे दोन वेग एकमेकांना रद्द करतात. वळणांवरही तेच घडते. म्हणजे शून्य आहे ती सरासरी. मुलीला हा फरक आधी सांगा, व्याख्या नंतर.

उत्तर (मैदानी खेळांचा प्रशिक्षक):
सरांचे म्हणणे बरोबर आहे, पण शर्यतीत ते सर्वांत आतल्या मार्गिकेलाच लागू पडते, कारण तिथेच सुरुवात आणि शेवट एकाच जागी होतो. बाहेरच्या मार्गिका लांब असल्यामुळे 400 मीटरच्या शर्यतीत त्यांतील धावपटूंना पुढून सुरुवात देतात. आठव्या मार्गिकेत ही आघाडी सुमारे 53 मीटर असते. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये वेड व्हॅन नीकर्क याच आठव्या मार्गिकेतून 43.03 सेकंदांत धावला आणि तो विश्वविक्रम ठरला. त्याची सरासरी चाल सेकंदाला साधारण 9.3 मीटर होते. विस्थापन मात्र शून्य नाही. वळणावरचे ते 53 मीटरचे अंतर सरळ रेषेत मोजले तर सुमारे 50 मीटर भरते. म्हणून सरासरी वेग सेकंदाला जेमतेम 1.2 मीटर येतो, आणि त्याची दिशा सुरुवातीच्या जागेकडून अंतिम रेषेकडे, म्हणजे त्याने पहिले पाऊल टाकले त्या दिशेच्या बरीचशी उलट! माझ्या मुलांना हे उदाहरण फार आवडते.

प्रश्नकर्ती:
दोघांचेही मनापासून आभार. मुलीने आता विचारले आहे की चाल अजिबात बदलली नाही, तरी त्वरण असू शकते का?

उत्तर (विज्ञानशिक्षक):
असू शकते, कारण त्वरण म्हणजे वेगातील बदलाचा दर, आणि नुसती दिशा बदलली तरी वेग बदलतो. तिला चंद्र दाखवा. तो पृथ्वीभोवती सेकंदाला सुमारे 1 किलोमीटर या जवळपास स्थिर चालीने फिरतो, पण साधारण दोन आठवड्यांनी अर्धी प्रदक्षिणा झाली की त्याच्या वेगाची दिशा नेमकी उलटी झालेली असते. पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण त्याला सतत आपल्याकडे वळवत असते. हे त्वरण अगदी लहान, म्हणजे सुमारे 0.0027 मीटर प्रति सेकंद वर्ग आहे. पण ते नसते, तर चंद्र सरळ रेषेत निघून गेला असता.