स्टारड्यू व्हॅली: झारी खाली ठेवेपर्यंत दुपार होते, तुम्ही दिवस कसा लावता?

मोगरी:
नमस्कार मंडळी. जुन्या धाग्यांवरून इथे स्टारड्यू हा शेतीचा व्हिडिओ गेम खेळणारे बरेच दिसतात, म्हणून विचारतेय.

खेळात माझ्या पहिल्या वर्षाचा उन्हाळा चालू आहे, आज ८ तारीख. शेतात शंभरेक ब्लूबेरी, थोडे टोमॅटो, शिवाय कोंबड्या आणि दोन गाई. सकाळी ६ ला उठून झारी घेते. पाणी घालून, जनावरांना गोंजारून, अंडी-दूध गोळा करून बघते तर घड्याळात १२ वाजून गेलेले आणि एनर्जीची पट्टी तळाला. २७० एनर्जीतली दीड-दोनशे नुसत्या पाण्यात जाते. मग खाणीत जायचं त्राण राहत नाही. खाणीत ८० व्या मजल्याखाली गेल्याशिवाय सोनं मिळत नाही, सोन्याशिवाय आठ चौकोन भिजवणारा स्प्रिंकलर होत नाही, आणि तो नाही म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा झारी! मी ४५ व्या मजल्यावर अडकले आहे.

यूट्यूबवरच्या 'पहिल्याच वर्षात लखपती' छापाच्या व्हिडिओंचा कंटाळा आलाय. तिथे माणूस खेळतोय की पगारपत्रक भरतोय तेच कळत नाही. मला रात्री जेवणं आटपल्यावर अर्धा तास मिळतो. खेळातला एक दिवस साधारण चौदा मिनिटांचा, म्हणजे दोनच दिवस होतात. ते दोन्ही झारीत गेले तर चिडचिड होते.

तुमचा रोजचा क्रम काय असतो? आठवड्याचे वार वाटून घेता का? आणि एक दिवस गोंजारलं नाही तर जनावरं रुसतात का? शेत छोटं करा हा सल्ला शक्यतो नको, ब्लूबेरी उपटवणार नाही.

खाणमजूर:
उपटू नका हो, १ तारखेला लावल्या असतील तर १४, १८, २२ आणि २६ अशा चार तोडण्या मिळतील.

मी दिवस घड्याळावर लावतच नाही, हवामानावर लावतो. रोज टीव्हीवर उद्याचा अंदाज बघायचा. पाऊस असेल तर दुसरा दिवस पूर्ण खाणीचा, शेताकडे ढुंकून बघायचं नाही. उन्हाळ्यात १३ आणि २६ तारखेला वादळी पाऊस ठरलेलाच असतो. १२ ला पाणी घालून झालं की झारी क्लिंट लोहाराकडे सुधारून घ्यायला टाका. त्याला दोन दिवस लागतात, १३ ला आभाळ पाणी घालतं, १४ ला सकाळी झारी हातात. तांब्याच्या झारीला खेळातले २००० पैसे आणि तांब्याचे ५ बार लागतात. बटण दाबून धरलं की एका दमात तीन चौकोन भिजतात.

खाणीत लिफ्ट दर पाच मजल्यांनी थांबते. पाच मजले झाले की घरी, हावरटपणा नको. रात्री २ ला कोसळलात तर पैसेही जातात.

आळशी_शेतकरी:
सोन्यासाठी खाणीतच उतरायला हवं असं कुठे आहे? पहिल्या वर्षी क्लिंट सोन्याचं खनिज ४०० ला एक विकतो, पाच खनिजांचा एक बार. महाग आहे, पण १४ ची तोडणी विकून दोन-तीन बार नक्की परवडतील. पुढच्या वर्षी भाव ७५० होतो, तेव्हा घ्यायचं तर आत्ताच. फक्त शेतीची ६ वी पातळी झाली आहे ना ते बघा, त्याआधी त्या स्प्रिंकलरची कृतीच मिळत नाही.

जनावरांचं म्हणाल तर मैत्री जराशी उतरते, बाकी काही नाही. मी दिवसाआड गोंजारतो. उन्हाळ्यात बाहेर गवत असेल तर चाऱ्याचीही काळजी नको.

माझा क्रम: सकाळी शेत, १० नंतर नदीवर गळ टाकून बसणे. बुधवारी पिएरचं बियाण्यांचं दुकान बंद, तो माझा हक्काचा मासेमारीचा वार. गावकऱ्यांना भेटवस्तू, वाढदिवस वगैरे भानगडीत मी पडत नाही. बायको खेळते तेव्हा अख्खं गाव तिला नावानिशी ओळखतं, माझ्या शेतावर कुत्रंही बेतानेच बोलतं.

मोगरी:
दोघांचेही आभार. १२-१४ ची युक्ती अगदी पटली. पण खेळातले दिवंगत आजोबा तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला शेताचा हिशेब करून गुण द्यायला येतात ना? दिवसाआड कामं करून त्यांच्या समाधीवरच्या चार मेणबत्त्या पेटतील का?

खाणमजूर:
२१ पैकी १२ गुण झाले की चारही पेटतात. नाही पेटल्या तर नंतर कधीही त्यांच्या समाधीपाशी हिरा ठेवा, पुन्हा मोजतात. त्या तारखेच्या धाकाने खेळू नका.

मोगरी:
हे माहीतच नव्हतं! शेवटचा प्रश्न. १३ च्या वादळात वीज पिकावर पडते का? माझं फोरेजिंग (रानातल्या वस्तू गोळा करण्याचं कौशल्य) ६ व्या पातळीला आलंय.

आळशी_शेतकरी:
पडू शकते. फोरेजिंग ६ आहे ना, मग लायटनिंग रॉड (वीज झेलणारा खांब) लावून टाका: लोखंडाचा १ बार, १ रिफाइंड क्वार्ट्झ, वटवाघळाचे ५ पंख. रॉडवर वीज पडली तर बॅटरी मिळते, ती विकू नका. पुढे चोवीस चौकोन भिजवणाऱ्या इरिडियम स्प्रिंकलरला तीच लागते.