अकलूजच्या घोडेबाजारात लहान पोरांना न्यावं का?

माळावरचा: दिवाळीच्या सुमारास अकलूजला घोडेबाजार भरतो. सोलापूरहून पंढरपूरमार्गे साधारण 110 किलोमीटर. माझं मत: सहा-सात वर्षांपुढच्या पोरांना जरूर न्या. मारवाडी, काठेवाडी, पांढरेशुभ्र नुकरा एकाच आवारात बघायला मिळतात. मारवाडी-काठेवाडीच्या कानांची टोकं आत वळून एकमेकांना भिडतात, ते जवळून दाखवा. आपलं भीमथडी तट्टू दिसलं तर तिथं थांबाच. उंची 130 सेंटिमीटरच्या आसपास, धनगरांच्या वाड्याचं बिऱ्हाड वाहणारं जनावर. मालकाला जनावराचे दात दाखवायला सांगा, त्यावरून वय कळतं. अडीच वर्षांला मधले दुधाचे दात जाऊन पक्के येतात, साडेतीनला शेजारचे, साडेचारला कडेचे. पाचव्या वर्षी तोंड पुरं. त्यापुढं वय दातांच्या झिजेवरून काढतात, आणि तिथंच गिऱ्हाईक फसतं.

सोलापुरी चादर: दात बघायला निवांत उभं राहू देतात का तिथं? संध्याकाळी दावणीतून माणसांचा लोंढा वाहतो, घोड्यांच्या पुठ्ठ्यांना घासून. घोड्याला अगदी मागचं दिसत नाही. हलगी कडाडली की न बघताच लाथ झाडतो, आणि पोराचं डोकं नेमकं त्या उंचीवर. शिवाय नाचरी घोडी. बऱ्याच ठिकाणी दोन्हीकडून दोर ताणून, पायांवर छडी मारत ताल बसवतात. पोरांनी त्यावर टाळ्या वाजवायच्या?

खोगीरभरती: गर्दीचं म्हणाल तर सकाळी आठच्या आत जा, अर्धा प्रश्न मिटतो. मागून जायचंच झालं तर दोन घोड्यांच्या लांबीएवढं अंतर ठेवा. जवळ जाताना आधी आवाज द्या, मग डाव्या खांद्याकडून, हात मानेवर. थेट तोंडावर नाही. कान मागे चिकटले की मागे सरा. पायात चप्पल नको, बूट घाला. धनुर्वाताची लस झालेली असू द्या, लिदीच्या जागी खरचटणं साधं नसतं. आणि लाडू, पाव, भेळ काही चारू नका. घोड्याला ओकता येत नाही, चुकीचं पोटात गेलं की पोटशूळ.

सोलापुरी चादर: नाचऱ्या घोडीबद्दल गप्प का ओ? ओझ्याच्या-ओढकामाच्या जनावरांसाठी 1965 चे नियम आहेत, त्यात काटेरी लगामाला बंदी आहे. तोंडाला फेस आलेला दिसतो की सगळ्यांना.

खोगीरभरती: फेसावरून काही ठरत नाही. लगाम चघळला की पांढरा फेस येतोच. ओठांचे कोपरे बघा. तिथं चिरा, रक्ताळलेपण किंवा जुने पांढरे वळ असतील, पुढच्या पायांच्या नळ्यांवर केस उडालेले असतील, तर त्या रिंगणासमोर थांबू नका, पैसे तर मुळीच उधळू नका. सरसकट सगळ्यांना एका माळेत ओवणं मला पटत नाही.

माळावरचा: रपेटीचंही बोलू. खोगिरासकट ओझं तट्टाच्या वजनाच्या पाचव्या हिश्शावर जाऊ नये. अडीचशे किलोचं तट्टू असेल तर 50 किलो, म्हणजे बाप-लेक एकदम बसायचं नाही. तंगाखाली, म्हणजे खोगीर आवळायच्या पोटपट्ट्याखाली, दोन बोटं जेमतेम शिरावीत; ढिला तंग असला की खोगीर फिरतं नि पोरगं पोटाखाली. रिकीब, म्हणजे पाय ठेवायची कडी, लांब पडते म्हणून चामड्याच्या पट्ट्यात पाय अडकवून देतात, तेवढं करू देऊ नका. पडलं तर पाय सुटत नाही, पोरगं फरफटत जातं. त्यापेक्षा पाय लोंबू द्या.

सोलापुरी चादर: त्याच नियमांत पारा 37 अंशांवर असेल तिथं दुपारी 12 ते 3 काम घ्यायला मनाई आहे. दिवाळीत एवढं तापत नाही, मान्य. पण उन्हाळी जत्रांत तीच तट्टं भर उन्हात पोरांना फिरवतात. आणि ग्लँडर्स या घोड्यांच्या साथरोगाचं कुणीच काढलं नाही. नाकातून घट्ट पिवळा शेंबूड, कातडीखाली गाठी, माणसालाही होतो. रक्ततपासणीचा दाखला मागणारा एक तरी पालक दाखवा.

माळावरचा: दाखला विकत घेणाऱ्यानं मागायचा. बघ्यानं नाक बघून पुढं सरकायचं.

सोलापुरी चादर: आणि नाक साफ दिसलं म्हणजे रोग नाही, हे कुणी ठरवलं? लपलेला रोगही पसरतो. दाखला दावणीवरच टांगायला लावा, मग पोरांना आणा म्हणा.