बिनधातूचे बूट: 'कॉम्पोझिट टो' एवढं पाहून घेतले तर चालतील का?

रानवाट

मेटल डिटेक्टर व्हीएलएफ (अतिकमी फ्रिक्वेन्सीचा), मल्टी-फ्रिक्वेन्सी, ११ इंची डबल-डी कॉइल (जमिनीवरून फिरवायची चकती, आत डी आकाराच्या दोन गुंडाळ्या). फिरणं नांगरलेल्या शेतांत आणि दगडगोट्यांच्या माळावर. सध्याच्या बुटांत स्टीलची टो कॅप (बोटांवरचं कवच) आहे. कॉइल पायाजवळून गेली की दर स्वीपला एक खोटा सिग्नल ठरलेला. आयर्न डिस्क्रिमिनेशन (लोखंडाचे सिग्नल गाळणारी सेटिंग) वाढवलं तर आवाज बंद होतो, पण मग काहीतरी निसटत असणार अशी शंका येते.

नवे बूट घ्यायचे आहेत. घोट्याला आधार हवा, पाणी आत यायला नको आणि फावड्यावर पाय देऊन जोर लावताना तळवा दुखायला नको. 'कॉम्पोझिट टो' लिहिलेले बरेच दिसतात. ते डोळे झाकून घ्यावेत का? आणि घेण्याआधी तपासायचे कसे?

चकमक

डोळे झाकून तर मुळीच नको. 'कॉम्पोझिट टो' याचा अर्थ एवढाच की बोटांवरचं कवच फायबरग्लास, प्लास्टिक किंवा कार्बन फायबरचं आहे. बाकीच्या बुटाबद्दल ते लेबल काहीच सांगत नाही. 'अलॉय टो' तर सरळसरळ धातूच, बहुतेकदा ॲल्युमिनियम. वजनाला हलकी असते म्हणून लोक फसतात.

बूट उलगडून पाहिला तर धातू या ठिकाणी सापडतो:

शँक. पायाच्या कमानीखाली, आतला सोल आणि बाहेरचा सोल यांच्यामध्ये बसवलेली पट्टी. बाहेरून दिसत नाही, त्यामुळे सगळ्यात जास्त घोटाळा हीच करते. वेल्ट (वरचं चामडं आणि सोल जोडणारी कडेची पट्टी) शिवलेल्या जड चामडी बुटांत ती बऱ्याचदा स्टीलची असते. हलक्या ट्रेकिंग बुटांत नायलॉन किंवा टीपीयूची (एक प्रकारचं लवचिक प्लास्टिक).

खिळारोधक पत्रा. सेफ्टी बुटांत सोलभर पसरलेला. तो स्टीलचा असेल तर टो कॅप कॉम्पोझिट असून काहीही उपयोग नाही, कारण कॅपपेक्षा पत्र्याचं क्षेत्रफळ कितीतरी मोठं. याला पर्याय म्हणजे अरामिडसारख्या (केव्हलर जातीच्या मजबूत धाग्याच्या) विणलेल्या कापडाचा थर. तो लवचिक असतो आणि डिटेक्टरला दिसत नाही.

टाच. रचलेल्या टाचेत खिळे असतात. काही बुटांत वरचं चामडं आतल्या सोलला ओढून बसवतानाही बारीक खिळे मारतात. सोल चिकटवलेला किंवा थेट साच्यात ओतलेला असेल तर ही शक्यता कमी.

आयलेट, हुक, झिप, बक्कल हे डोळ्यांना दिसतं, त्यामुळे त्यावर जास्त लिहीत नाही.

एक हमखास विसरला जाणारा भाग: थंडीसाठीचे इनसोल. काहींच्या खालच्या बाजूला ॲल्युमिनियमची चकचकीत फॉइल असते. बूट शंभर टक्के बिनधातूचा आणि सिग्नल मात्र फॉइलचा, असा प्रकार होतो.

लेबलबद्दल: युरोपीय मानक ईएन आयएसओ २०३४५ च्या २०२२ च्या आवृत्तीत नुसतं 'एस३' असेल तर खिळारोधक थर धातूचा. 'एस३एल' किंवा 'एस३एस' असेल तर बिनधातूचा. एल म्हणजे ४.५ मिमी खिळ्याची चाचणी, एस म्हणजे ३ मिमीची. पण २०११ च्या आवृत्तीप्रमाणे छापलेल्या बुटांवर 'एस३' दोन्ही प्रकारांना चालायचं. म्हणून जिभेवरच्या लेबलवर आधी वर्ष बघा, मग अक्षरं. आणि ही अक्षरं टो कॅप कशाची आहे किंवा आयलेट कशाची आहेत ते सांगत नाहीत. 'मेटल-फ्री' किंवा 'नॉन-मेटॅलिक' असा उल्लेख पूर्ण बुटाला लागू आहे का, हे वेगळं विचारावं लागतं.

टिकाव_फावडे

वरच्या प्रतिसादाशी सहमत. तपासणीचं मी लिहितो.

चुंबकावर विसंबू नका. निओडिमियम चुंबक चामड्यातून स्टीलची शँक पकडतो, पण पितळी आयलेट, ॲल्युमिनियमची कॅप आणि बऱ्याच प्रकारचं स्टेनलेस त्याला चिकटत नाही. चुंबक चिकटला तर बूट बाद. नाही चिकटला तर फक्त पहिली फेरी पार.

दुकानात पिनपॉइंटर (हातात धरायचा छोटा डिटेक्टर) न्या. बूट हातात धरून (अंगठी, घड्याळ काढून) पाच जागी फिरवा: बोटं, कमान, टाच, घोट्याची बाजू, जीभ. कमानीपाशी तो आतून आणि बाहेरून, दोन्हीकडून टेकवा. पिनपॉइंटरचा पल्ला काही सेंटिमीटरच असतो आणि जाड सोलमधली शँक एका बाजूने सुटू शकते.

घरी खरी परीक्षा. कॉइल लाकडी टेबलावर किंवा प्लास्टिकच्या खुर्चीवर आडवी ठेवा. टेबलाला खिळे नाहीत ना, ते आधी रिकाम्या टेबलावर बघून घ्या. फोन दुसऱ्या खोलीत. डिस्क्रिमिनेशन शून्य, म्हणजे ऑल-मेटल. सेन्सिटिव्हिटी शेतात ठेवता तेवढीच. घरात विजेच्या तारांमुळे कुरकुर झाली तर बाहेर अंगणात जा, सेन्सिटिव्हिटी कमी करून फसवी शांतता विकत घेऊ नका. आता बूट कॉइलवरून हलवत न्या. बहुतेक व्हीएलएफ यंत्रांना सर्च मोडमध्ये हालचाल लागते, स्थिर धरलेला बूट ती गिळून टाकतात. आधी ३० सेंमीवरून, मग २०, मग १०. कोणत्या अंतरावर पहिला आवाज येतो ते टिपा. बूट आडवा, उभा आणि पालथा असा तिन्ही प्रकारे फिरवा. शँकची पट्टी एका दिशेने क्षीण आणि दुसऱ्या दिशेने ठणठणीत वाजते.

१० सेंमीवर गप्प असलेला बूट शेतात सहसा त्रास देणार नाही. २० सेंमीवर वाजणारा त्रास देईल, रोज नाही पण नेमका पिनपॉइंट करताना (वस्तूची नेमकी जागा शोधताना).

आणि आयर्न डिस्क्रिमिनेशनची शंका अगदी रास्त आहे. कानाला आवाज येत नाही म्हणजे यंत्राला बूट दिसत नाही असं नाही. कॉइलशेजारी मोठं लोखंड असेल तर त्याच्या प्रतिसादाखाली शेजारचं छोटं नाणं झाकलं जातं. शिवाय सपाट स्टील कधीकधी लोखंडासारखं न वाजता वरच्या टोनमध्ये उडी मारतं, म्हणजे डिस्क्रिमिनेशनलाही चकवतं.

माळकरी

टो कॅप कशाला हवी मुळात? बांधकामावर किंवा कारखान्यात काम नसेल तर ती फक्त ओझं. कॉम्पोझिट कॅप तेवढीच मजबुती द्यायला स्टीलपेक्षा जाड करावी लागते, त्यामुळे पुढचा भाग बोजड होतो आणि उतारावर बोटं आत आपटतात. नांगरलेल्या शेतात साधा रबरी गमबूट बेस्ट. चिखल धुऊन टाकला की झालं.

चकमक

@माळकरी, टो कॅपबाबत सहमत. दगड उलथताना बोटांवर पडायची भीती असेल तरच घ्यावी. पण गमबुटाबाबत दोन गोष्टी. एक, काही रबरी बुटांतही स्टीलची शँक असते, आणि सेफ्टी गमबुटांत तर टो कॅपही, त्यामुळे तपासणीतून सूट नाही. दुसरी, ज्यांत शँकच नाही असा मऊ गमबूट घालून फावडं दाबलं की कडा थेट कमानीत रुतते. धाग्यात विचारलेली तिसरी अट तिथेच नापास. नायलॉन किंवा फायबरग्लासची शँक असलेला गमबूट मिळतो, तो घ्यावा. शिवाय माळावर गमबुटात घोटा मोकळा राहतो.

ताठरपणा तपासायला बूट दोन्ही हातांत धरून वाकवा. तो बोटांच्या सांध्यापाशी वाकायला हवा. कमानीतून वाकत असेल तर खणायला निरुपयोगी.

रानवाट

छान माहिती. एक बूट आवडलाय: सोल चिकटवलेला, शँक नायलॉनची, आत वॉटरप्रूफ पडदा. खाली नाडीसाठी कापडी पट्ट्या आहेत, पण घोट्यावर दोन-दोन धातूचे हुक. पिनपॉइंटर फक्त तिथेच वाजतो. हुक काढून टाकावेत का? आणि टो कॅपवाला घ्यायचाच झाला तर कार्बन फायबरचं काय, कार्बन वीजवाहक असतो ना?

टिकाव_फावडे

हुक आधी आहे तिथेच मोजा. ते जमिनीपासून साधारण १२ ते १५ सेंमी उंचीवर असतात. पण कॉइलचं क्षेत्र खाली जेवढं तेवढंच वरही असतं, म्हणून 'उंचावर आहेत, चालेल' असं गृहीत धरू नका. छोटा उघडा हुक एकंदरीत कमी वाजतो. पितळेचं बंद आयलेट जास्त वाजतं, कारण पूर्ण कड्यात प्रवाह गोल फिरू शकतो. घरच्या चाचणीत हुक १० सेंमीच्या आतच वाजत असतील तर हात लावू नका.

काढायचेच असतील तर: रिव्हेटचं डोकं आतल्या बाजूला अस्तराखाली दडलेलं असतं. बाहेरून हुकची मान कापा आणि उरलेली दांडी ड्रिलने हळू खा. ड्रिल आत घुसलं तर वॉटरप्रूफ पडद्याला भोक पडेल, म्हणून बुटाच्या आत लाकडी ठोकळा धरा आणि ड्रिलला खोलीची खूण म्हणून टेप गुंडाळा. आतली टिकली राहून गेली तर सिग्नलही राहील. जागेवर नायलॉन पट्टीचा फास शिवायचा तर चांभाराकडून शिवून घ्या आणि टाक्यांवर सीम सीलर (टाक्यांची भोकं बुजवणारा लेप) लावा. एवढी खटपट करण्यापेक्षा वरपर्यंत कापडी पट्ट्या असलेलं मॉडेल शोधणं मला सोपं वाटतं. बिनधातूच्या बुटाचा वॉटरप्रूफपणा घालवला तर काय कमावलं?

कार्बन फायबर वाहक आहे, पण धातूच्या मानाने फारच कमी. साध्या व्हीएलएफवर सहसा जाणवत नाही. सोन्याच्या बारीक कणांसाठीच्या उच्च फ्रिक्वेन्सीच्या यंत्रावर तपासूनच घ्या. फायबरग्लासला ती शंकाही नाही. अँटिस्टॅटिक सोलची काळजी करू नका, त्याचा रोध मेगाओममध्ये असतो, कॉइलला तो दिसत नाही.

पल्स इंडक्शन यंत्र (व्हीएलएफहून वेगळ्या पद्धतीचा डिटेक्टर) वापरायचा विचार असेल तर मात्र वरची सगळी सूट विसरा. तिथे लोखंड वेगळं काढण्याची सोय नसल्यात जमा, आणि हुकसुद्धा चालत नाहीत.

माळकरी

गमबुटाच्या शँकबद्दलचं मान्य. एक भर घालतो: बूट ठीक असूनही सिग्नल येत राहिला तर आधी शाफ्टची (डिटेक्टरच्या दांड्याची) लांबी बघा. हात खाली सैल सोडून कोपर किंचित वाकलेलं असताना कॉइल जमिनीला समांतर राहायला हवी आणि तिची मागची कड बोटांपासून निदान हातभर पुढे. शाफ्ट आखूड असला की कोणताही बूट गुन्हेगार ठरतो. डबल-डी कॉइलने पिनपॉइंट करताना कॉइल मागे ओढत आणतो, तेव्हा सिग्नल तुटेपर्यंत ती थेट बुटापाशी येते. त्या वेळी एक पाऊल मागे सरून ओढा.

चकमक

आणि सोलच्या खाचा बघत चला. नांगरलेल्या शेतात तारेचा तुकडा, मोडका खिळा, फॉइलचा कपटा चिखलासोबत खाचेत बसतो आणि बूट 'अचानक' वाजायला लागतो. ओळखायचं सोपं आहे: एकच पाय वाजतो आणि खाचा कोरून काढल्या की थांबतो. खोल, अरुंद खाचांपेक्षा रुंद, उघड्या खाचांचा सोल घ्या, चिखल आपोआप गळतो.

पॉलियुरेथेनचा सोल असेल तर जोडी कपाटात वर्षानुवर्षं जपून ठेवू नका. दमट हवेत ते आतून विघटित होतं आणि न वापरलेला बूटही एखाद्या दिवशी तुकडे पडून सुटतो. सवलतीत जुना माल घेताना जिभेवरची उत्पादनाची तारीख वाचा.