फक्त आयसीयूचा प्रश्न नाही हा

वर कुणीतरी लिहिलंय की औषधाला दाद न देणारे जंतू मोठ्या हॉस्पिटलांतच असतात, गावाकडे काळजी नको. अहो नाही! आम्ही दापोलीजवळ राहतो, आई आयुष्यात कधी ॲडमिट झालेली नाही, तरी गेल्या पावसाळ्यात तिला साधी लघवीची जळजळ सुरू झाली आणि दोन कोर्स संपले तरी थांबेना, शेवटी रत्नागिरीला लघवीचं कल्चर (जंतू वाढवून कुठलं औषध चालतं ते बघायची तपासणी) केलं तर ई. कोलाय नावाचा जंतू, आणि औषधांच्या नावांपुढे आर, आर, आर (म्हणजे जंतू दाद देत नाही) अशी रांगच, पोटात घ्यायच्या गोळ्यांपैकी एकट्या नायट्रोफ्युरँटॉइनपुढे एस, म्हणजे चालेल. तीच दिली, बरी झाली. असले ईएसबीएलवाले जंतू सेफिक्सीमसारखी अँटिबायोटिक औषधं फोडणारं ईएसबीएल नावाचं एन्झाइम बनवतात आणि त्याचा जीन शेजारच्या जंतूलाही देतात, धडधाकट माणसाच्या आतड्यातसुद्धा ते गुपचूप राहतात. सेफिक्सीम २०१४ पासून शेड्यूल एच१ या सरकारी औषधयादीत आहे, म्हणजे डॉक्टरांची चिठ्ठी हवी, दुकानदाराने रजिस्टरात पेशंटचं नाव लिहायला हवं. आणि आमच्याकडे? साध्या सर्दीला कात्रीने पट्टी कापून चार गोळ्या हातावर ठेवतात, मला फार राग येतो याचा. आणि एक, लघवी तपासायची असेल तर नमुना पहिल्या गोळीच्या आधी द्या, आम्ही उशीर केला तो तिथेच.