अभंग दिंडीतून मैफलीत आला की त्याचे नेमके काय बदलते?

अभंगवेडी : नमस्कार. एकच अभंग दिंडीत, कीर्तनात आणि मैफलीत ऐकला, तर शब्द तेच असूनही तीन निरनिराळ्या गोष्टी ऐकल्यासारखे वाटते. हा फरक निव्वळ चालीचा आणि आवाजाचा आहे, की प्रत्येक कलाप्रकार अभंगातले काही उचलतो आणि काही सोडून देतो? जाणकारांनी कृपया उदाहरण देऊन सांगावे.

पखवाजी : ‘सुंदर ते ध्यान उभे विटेवरी । कर कटावरी ठेवोनिया ॥’ हेच घ्या. ‘मोठा अभंग’ या छंदातल्या या रचनेत सहा, सहा, सहा आणि चार अशी अक्षरे पडतात आणि ‘विटेवरी’, ‘कटावरी’ असे मधल्या दोन चरणांचे यमक जुळते. शेवटचा चरण दोन अक्षरांनी आखूड असल्यामुळे तिथे मोकळी जागा उरते. दिंडीत ती टाळ-मृदंग भरून काढतात आणि तेवढ्यात टाळकऱ्यांना श्वास घेता येतो. मैफलीतल्या गायकाला मात्र त्याच ‘ठेवोनिया’च्या शेवटच्या ‘आ’ या स्वरावर विस्तार करायला वाव मिळतो. चालता चालता शेकडोंनी म्हणायची चाल सोपीच असावी लागते. बसून ऐकणाऱ्यांसाठी ते बंधन उरत नाही.

निरूपण : कीर्तनात तर अभंग सलग राहतच नाही. कीर्तनकार एका चरणाशी थांबतो, ज्ञानोबा-नामदेवांची प्रमाणे, म्हणजे आधाराची वचने, देतो, मागचे टाळकरी ती उचलून धरतात आणि नुसत्या ‘कर कटावरी’वर बराच वेळ निरूपण चालते. तरीही मैफलीत अर्थ हरवतो, ही नेहमीची तक्रार मला पटत नाही. राम फाटक यांनी अहीर भैरव रागात बांधलेले नामदेवांचे ‘तीर्थ विठ्ठल’ भीमसेन जोशी गातात, तेव्हा पुन्हा पुन्हा येणारा ‘विठ्ठल’ हा शब्द दर वेळी निराळ्या स्वरावर उभा राहतो. निरूपणाने तरी याहून वेगळे काय साधायचे असते?

चित्रवेध : चित्रपटाचा मुद्दा राहिला. प्रभात फिल्म कंपनीच्या ‘संत तुकाराम’मध्ये (1936) विष्णुपंत पागनीस गातात, तेव्हा अभंगाला एक चेहरा आणि एक प्रसंग मिळतो. गाथेत वाचताना तो कोणत्या दिवशी, कोणापुढे सुचला, हे सहसा कळत नाही. पडद्यावर तो घडलेल्या घटनेला दिलेले उत्तर होतो. त्यातले ‘आधी बीज एकले’ शांताराम आठवले यांनी चित्रपटासाठी लिहिले, पण पुष्कळ लोक ते तुकोबांचेच समजतात. घाट आणि चेहरा दोन्ही जुळल्यावर कोण शंका घेणार!

निरूपण : चेहऱ्याचे मान्य. प्रसंग जोडण्याचे श्रेय मात्र चित्रपटाला देऊ नये. महिपतींनी ‘भक्तविजय’ हा संतचरित्रांचा ग्रंथ 1762 मध्ये पूर्ण केला, आणि तेव्हापासून कीर्तनकार संतांच्या आख्यानांत अभंग गुंफत आले आहेत. प्रभातने ती जुनीच रीत पडद्यावर नेली.