वितळलेल्या थराची खोली: सगळीकडे एकच तारीख धरावी का?

ध्रुववेडी: स्वीडनमधलं अबिस्को (६८° उत्तर) ते स्वालबार्डमधलं न्यू-ओलेसुन (७९°) या पट्ट्यातल्या नोंदी एकत्र लावतेय. कायम गोठलेल्या जमिनीवरचा थर उन्हाळ्यात किती वितळतो, हे सगळीकडे एकाच तारखेला मोजायचं ठरवावं का? एका केंद्राने जुलैतच सळई खुपसून आकडे पाठवलेत, वर शेरा: ‘नंतर माणूस नव्हता’. डोक्याला हात लावला.

सळईवाला: तारीख नको, वितळण्याच्या हंगामाचा शेवट धरा. १९९१ पासून चाललेल्या ‘कॅल्म’ या, वितळणारा थर मोजणाऱ्या केंद्रांच्या आंतरराष्ट्रीय जाळ्यात तसंच करतात. नेहमीची चौकट १२१ बिंदूंची, प्रत्येक ठिकाणी सळई टेकेपर्यंत दाबायची. पण टेकली ती गोठलेल्या मातीलाच ना? दगडाला लागली की खण्णकन वाजते, मातीचा आवाज बद्द. पहिल्या वर्षी मी निम्मे दगडच मोजले होते!

ध्रुववेडी: हाहा. मग जुलैचे आकडे टाकून देऊ?

गारठा: टाकू नका. तारखेसकट वेगळ्या रकान्यात ठेवा, फक्त कमाल खोलीत मिसळू नका. आणि कुठल्या बिंदूवर मॉसचा (शेवाळासारख्या वनस्पतीचा) जाड गालिचा आहे, तेही लिहून मागवा. तो उन्हाळ्याची ऊब खाली जाऊ देत नाही. दोन पावलांवर खोली बदलते, आणि आपण खापर अक्षांशावर फोडतो.